हार्डविक: काचेची हौस असलेल्या बाईचा दगडी वाडा

पुण्याहून इकडे इंग्लंडला पाहुणे आले की त्यांना चॅट्सवर्थचा प्रसिद्ध वाडाच बघायचा असतो. मी मात्र त्यांना गाडीत घालतो आणि हार्डविक हॉलला नेतो. एम-वन महामार्गावरून जातानाच टेकडीवरचे सहा मनोरे दिसायला लागतात. जवळ गेलं की त्यांच्या माथ्यावर दगडात कोरलेली ई आणि एस ही अक्षरं वाचता येतात. एलिझाबेथ श्रूजबरी, म्हणजेच बेस ऑफ हार्डविक. चार लग्नं केलेली, हिशेबाला पक्की बाई. साठी ओलांडल्यावर, 1590 मध्ये तिने हे घर बांधायला घेतलं आणि 1597 मध्ये राहायला आली.

दगड तिच्याच जमिनीतला, टेकडीखालच्या खाणीतला वालुकाश्म. काचही तिच्याच भट्टीची. त्या काळी काच म्हणजे चैन, आणि इथे तर भिंतीपेक्षा खिडक्याच जास्त. स्ट्रक्चरल इंजिनियर असल्यामुळे माझा पहिला प्रश्न ठरलेला: एवढी भोकं पाडल्यावर भार घेतं कोण? उत्तर घराच्या पोटात आहे. मधोमध एक जाड भिंत लांबीभर धावते आणि बऱ्याचशा शेकोट्या नि धुराडी तिच्यातच घेतली आहेत. त्यामुळे बाहेरच्या भिंती खिडक्यांना मोकळ्या राहिल्या. तरी काही खिडक्या निव्वळ दिखाऊ आहेत. बाहेरून काच, आत धुराडं. आराखडा त्या काळचा वास्तुरचनाकार रॉबर्ट स्मिथसनचा मानतात. हे डोकं त्याचं की बाईंचं, यावर आमच्या गाडीत दरवेळी वाद होतो.

वर जाल तशा खिडक्या उंच होत जातात. तळमजल्यावर नोकरचाकर, मधल्या मजल्यावर बाईंचं रोजचं राहणं आणि सगळ्यात वर दरबारी थाट. आपल्याकडे बडा पाहुणा ओसरीवरच बसला असता. इथे त्याला आधी रुंद, बुटक्या पायऱ्यांचा दगडी जिना चढायला लावायचा. तो जिना वळत वळत घरातून असा जातो की वर पोचेपर्यंत माणूस आपोआप नरमतो.

वरच्या हाय ग्रेट चेंबरमध्ये भिंतीच्या वरच्या भागात गिलाव्यात उठवलेलं रंगीत जंगल आहे: शिकारीची देवी डायाना, तिचा लवाजमा, रानडुकराची शिकार. रंग उडालेत, पण गंमत कमी झालेली नाही.

आणि मग लाँग गॅलरी, सुमारे 50 मीटर लांब. पावसात फेऱ्या मारायला बांधलेली असली तरी माझा वेळ जातो तो भिंतीवरच्या पडद्यांवर. बायबलमधल्या गिडियनची गोष्ट सांगणारे 13 भलेमोठे विणलेले पडदे, हे मूळचे राणी एलिझाबेथच्या दरबारातल्या सर ख्रिस्तोफर हॅटनचे. त्याच्या वारसाकडून बेसने ते 1592 मध्ये घेतले. त्यावर हॅटनची कुलचिन्हं होती. नवीन विणून घेणं महाग, म्हणून तिने स्वतःच्या चिन्हांची ठिगळं वर शिवून घेतली आणि त्या खर्चापोटी किंमतही पाडून घेतली! हॅटनच्या चिन्हात हरिणी होती, तर बेसच्या दुसऱ्या नवऱ्याच्या, कॅव्हेंडिश घराण्याच्या चिन्हात काळवीटासारखा शिंगवाला नर. मग काय, हरिणींना शिंगं चढवली. घराण्याचं नाव बदललं, हरिणं तीच राहिली. मला अख्ख्या घरातली ही सगळ्यात आवडती गोष्ट वाटते, कारण तिच्यात पैसा आणि कंजुषी एकाच टाक्यात दिसतात. कहर म्हणजे नंतरच्या पिढ्यांनी त्याच पडद्यांवर खुशाल तसबिरी टांगल्या.

एक चीड मात्र येते. उजेडासाठी एवढा खटाटोप करून बांधलेल्या घरात आज खोल्या अंधाऱ्या असतात. उन्हाने कापड विटतं, म्हणून खिडक्यांवर पडदे ओढलेले. घर सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेचं बरोबरच आहे, गिडियनच्या 13 पडद्यांच्या डागडुजीतच 24 वर्षं गेली. पण बेसच्या काळी दुपारी हे घर आतून कसं झळाळत असेल, हे आत उभं राहून कळत नाही. त्यासाठी संध्याकाळी बाहेर, पश्चिमेच्या अंगाला उभं राहावं. मावळतीचं ऊन काचांवर पडलं की समोरची बाजू पेटल्यासारखी दिसते. जाताना स्वेटर घ्या, टेकडीवर जूनमध्येही वारा बोचतो.