खात्यातून पैसे नेणारं नाव

गणपती चार दिवसांवर आले होते आणि माझ्या टीममधले अर्धे लोक कोकणात निघून गेले होते. हे आधी सांगायला हवं, कारण त्या सोमवारी जे झालं ते नेहमीच्या दिवशी झालं असतं तर निदान फोन उचलायला माणसं तरी असती.

मी मरोळला एका ॲपच्या कंपनीत सपोर्ट टीम सांभाळते. पैसे भरून ऐकायचं ॲप आहे: कथा, कादंबऱ्या, जुन्या नाटकांची ध्वनिमुद्रणं. महिन्याचे ९९, वर्षाचे ७९९. सपोर्ट म्हणजे लोक चिडले की ज्यांच्या कानात ओरडतात ते आम्ही.

तर महिनाभर ऑफिसात एकच विषय होता. ॲपचं नाव बदलणार. सुरुवात लिफ्टमधून झाली. कुणीतरी वरच्या मजल्यावरच्या दोघांच्या तोंडून एक नवाच शब्द ऐकला. आमच्याकडे इंटर्न म्हणून आलेला पोरगा वकिलीचा, त्याने जेवणाच्या सुट्टीत ट्रेडमार्क नोंदणीच्या सार्वजनिक शोधात वर्ग ४१ निवडून तो शब्द टाकला. करमणुकीच्या सेवा त्या वर्गात येतात. अर्ज सापडला, पत्ता आमच्याच कंपनीचा. वर्ग ९ आणि ३८ मध्येही तोच. म्हणजे सॉफ्टवेअर आणि प्रसारण, दोन्ही. अँटॉप हिलच्या ट्रेडमार्क कार्यालयात जाऊन कुणी एवढे अर्ज मजेखातर भरत नाही, असं तो म्हणाला. हल्ली अर्ज ऑनलाइन होतात हे त्यालाही माहीत होतं, पण वाक्य चांगलं होतं.

एचआरने ‘असं काही नाही’ अशी मेल पाठवली. त्यावरून सगळ्यांची खात्रीच पटली.

मग टपरीवर चहासोबत अंदाज सुरू झाले. नाव तीन अक्षरी हवं. नाही, मराठी वाटता कामा नये, हिंदी-गुजराती आणायचंय. रंग भगवा जाऊन जांभळा येणार. डिझायनर म्हणे, हॉटस्टार बघा: २०१५ ला आलं, २०२० ला पुढे डिस्ने लागलं, २०२५ च्या फेब्रुवारीत जिओ लागलं, लोक काय थांबले? मार्केटिंगवाला म्हणे, अमेरिकेत एचबीओ मॅक्सवाल्यांनी २०२३ मध्ये एचबीओ काढून नुसतं मॅक्स ठेवलं आणि दोन वर्षांत मुकाट्याने परत जोडलं, तेव्हा जरा सबुरीने. मला या गप्पा आवडायच्या. मीही एक नाव सुचवलं होतं, ते इथे सांगत नाही.

त्या सोमवारी घाटकोपरला मेट्रोची रांग जिन्यापर्यंत आली होती, पोहोचायला साडेदहा झाले. हेडफोन लावायच्या आधीच स्क्रीनवर चाळीस फोन ताटकळत होते. पहिल्याने विचारलं, ‘हे कोण आहेत?’ दुसऱ्यानेही तेच. तिसऱ्या बाई म्हणाल्या, मी १९३० वर तक्रार करणार आहे. तो सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर. चौथ्या फोनला मी विचारलं, मेसेज वाचून दाखवाल का?

त्यांनी वाचला. उद्या तुमच्या खात्यातून अमुक यांना ७९९ रुपये जातील. ‘अमुक’च्या जागी होता लिफ्टमधला शब्द.

दर महिन्याला किंवा वर्षाला आपोआप पैसे कापले जातात त्याला आम्ही मॅन्डेट म्हणतो. रिझर्व्ह बँकेचा नियम असा की कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवलं पाहिजे: कोण घेणार, किती, कधी. १ ऑक्टोबर २०२१ ला हे कडक झालं तेव्हा देशभर लोकांची सबस्क्रिप्शनं धडाधड अडली होती. पुढच्या ऑक्टोबरात कार्डाचे नंबर साठवायला बंदी आली, त्याऐवजी टोकन म्हणजे सांकेतिक नंबर आला, तेव्हा पुन्हा. त्या दोन ऑक्टोबरांनी माझे बरेच केस पिकवले. पण नियम चांगला आहे. पैसे जाण्याआधी माणसाला एक दिवस विचार करायला मिळतो.

झालं होतं ते असं. नव्या नावाची पूर्वतयारी म्हणून पेमेंट गेटवेवर, म्हणजे ग्राहकाचे पैसे आमच्यापर्यंत आणणाऱ्या यंत्रणेत, ग्राहकाला दिसणारं नाव कुणीतरी शुक्रवारी संध्याकाळी बदलून पाहिलं आणि परत करायचं राहिलं. त्यात भर आमच्याच ऑफरची. गेल्या वर्षी गणपतीच्या सुमारास अर्ध्या किमतीत वर्ष दिलं होतं, त्या सगळ्यांचं नूतनीकरण याच आठवड्यात, पूर्ण किमतीला. म्हणजे गेल्या वर्षी ३९९ भरलेल्या माणसाला मेसेज आला की कधी न ऐकलेलं कुणीतरी उद्या ७९९ नेणार आहे. मी असते तरी घाबरले असते.

अकराच्या सुमारास गिरगावातून एका बाईंचा फोन आला. मी सवयीने काकू म्हटलं.

‘आजी म्हण. अठ्ठ्याहत्तर झालीत. आता मला सांग, तुम्ही विकले गेलात का?’

नाही म्हटलं.

‘मग नाव कुणाचं हे? दुकानाची पाटी बदलली की आम्ही समजतो शेटजी बदलला.’

मी समजावलं, आमचंच आहे, पैसे आमच्याकडेच येतील, हवं तर आज थांबवते. त्यावर त्या म्हणाल्या, ‘तू काय थांबवणार? मी केलं बंद. नातवाने शिकवलंय, यूपीआयच्या ॲपात ऑटोपे म्हणून असतं, तिथे जाऊन रद्द करायचं. आधी तुमच्यात शोधत होते, तासभर. बंद करायचं बटण काही मिळेना.’

इथे मला गप्प बसावं लागलं. ते बटण कुठे आहे ते मला पक्कं ठाऊक होतं. प्रोफाइल, मग सेटिंग, मग खातं, मग योजना, मग ‘आणखी’, मग सगळ्यात खाली राखाडी अक्षरांत. सहा टॅप. त्यानंतर ‘खरंच आम्हाला सोडून जाताय?’ असं रडकं पान. त्या पानावरचा मजकूर मी लिहिलेला आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्राने अशा लबाड्यांची तेरा प्रकारांची यादी काढली, त्यात हा सबस्क्रिप्शनचा सापळाही आहे आणि ग्राहकाला ओशाळं करणारी भाषाही. तेव्हा मी वर मेल केली होती. ‘नोंद घेतली’ असं उत्तर आलं, आणि मीही पुढे पाठपुरावा केला नाही.

आजी थांबल्या नव्हत्या. ‘आणि एक सांगते, लिहून घे. रात्री नाटक लावते. दुसऱ्या अंकात डोळा लागतो. सकाळी उघडलं की पुन्हा तिसरी घंटा! पहिल्यापासून! पहिला अंक मला पाठ झालाय, शेवट माहीत नाही. ते नीट करा, मग नाव ठेवा काय हवं ते. आमच्या चाळीचं नाव दोनदा बदललं, पाणी अजून पहाटे चारलाच येतं.’

मी खरंच लिहून घेतलं.

चार वाजता तातडीची मीटिंग. आधीच्या वेळापत्रकात त्या वेळेला रंगांचं सादरीकरण होतं, त्यामुळे भिंतीवर जांभळ्याच्या पाच छटा आणि खाली आम्ही, घाम पुसत. प्रॉडक्टचे सर पडद्यावर होते, बंगळुरूहून. ते म्हणाले, एक-दोन दिवसांचा गोंधळ आहे, नाव जाहीर झालं की लोक रुळतील. आणि त्यांनी नेटफ्लिक्सच्या क्विकस्टर या नावाचं उदाहरण दिलं, उलट्या बाजूने: नाव चुकलं म्हणून फसलं, आपलं चांगलं आहे.

ती गोष्ट मला थोडी माहीत होती, म्हणून बोलले. नेटफ्लिक्सने २०११ च्या सप्टेंबरात डीव्हीडीच्या धंद्याला ते नाव जाहीर केलं आणि महिन्याच्या आत गुंडाळलं, हे खरं. पण लोक चिडले होते जुलैपासून, कारण डीव्हीडी आणि ऑनलाइन या दोन्ही सेवा मिळून घेणाऱ्यांचा दर साठ टक्क्यांनी चढला होता. त्या तिमाहीत अमेरिकेतले सुमारे आठ लाख ग्राहक गेले. नावाने फक्त आगीत तेल ओतलं. दर आणि नाव एकाच वेळी बदललं की लोकांना वाटतं पाटी बदलायचे पैसे आपल्याच खिशातून चाललेत. आज आपण तेच केलंय, चुकून. आणि मग मी म्हटलं, सर, आपला लोगो लोक रोज बघत नाहीत, बरेच जण तर महिनोन्‌महिने ॲप उघडत नाहीत. आपलं नाव त्यांना दिसतं बँकेच्या मेसेजमध्ये. तिथे ओळखीचं नसेल तर आपण चोर.

कुणी काही बोललं नाही. फायनान्सच्या मॅडमनी मात्र वहीतून डोकं वर काढलं आणि खरी अडचण सांगितली. ज्यांनी मॅन्डेट रद्द केलंय त्यांचं आपल्याला परत चालू करता येत नाही. नवं काढावं लागेल, ग्राहकाने स्वतः पिन टाकून. म्हणजे आपण फोन करून काय सांगणार? ‘मी अमुक कंपनीतून बोलतेय, एक लिंक पाठवते, पिन टाका.’

हे ऐकून कुणीतरी हसलं. कारण फोन लावला की आधी याच गोष्टीपासून सावध करणारी सूचना वाजायची, महिनोन्‌महिने. आमचा प्रामाणिक फोन आणि भामट्याचा फोन यांत शब्दाचाही फरक उरला नव्हता. ठरलं की फोन करायचे नाहीत, लिंक पाठवायची नाही. ॲप उघडल्यावर आत एक पट्टी दिसेल, ज्याला यायचं तो येईल. जुनं नाव संध्याकाळी सहाच्या आत गेटवेवर परत लावायचं. बटणाचा विषय मी काढला, आता काढलाच तर पूर्ण काढू म्हणून. सर म्हणाले, ग्राहकांची गळती वाढेल. मी म्हटलं, गळती आजही आहे, फक्त ती यूपीआयच्या ॲपातून होते आणि आपल्याला कारण विचारायची संधीही मिळत नाही. ‘डेटा काढू’ म्हणाले.

रात्री साडेनऊच्या मेट्रोत उभी होते, तेव्हा इंटर्नचा मेसेज आला: जांभळ्याच्या छटा भिंतीवरून काढल्यात. अंदाज बांधायला नवा विषय मिळाला म्हणजे.

पुढचं थोडक्यात. नावाचं काय ते अजून अधिकृतपणे कुणी बोललेलं नाही. बटण सहाव्या टॅपवरून तिसऱ्यावर आलं आणि रडकं पान गेलं, ते मी स्वतः पुसलं. नाटकाच्या अडचणीचं कारण कळलं: कादंबरीला प्रकरणं असतात, ऐकण्याची जागा प्रकरणागणिक साठवली जाते, आणि नाटक म्हणजे अडीच तासांची एकच अख्खी फाइल. आठ वर्षांत हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण तपासणारे सगळे पंचविशीतले, त्यांना दुसऱ्या अंकात झोप येत नाही.

गौरी-गणपती गेल्यावर आजी परत आल्या, आपणहून, पट्टी बघून. वर्षाचं घेतलं नाही, महिन्याचं घेतलं. ‘बघते’ म्हणाल्या.

त्या सोमवारची तिकिटं, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारी, बंद करायला मला तीन दिवस लागले. प्रत्येकाला एक कारण निवडावं लागतं आणि यादीत चारच आहेत: किंमत, वेळ मिळत नाही, तांत्रिक अडचण, इतर. ‘नाव ओळखलं नाही’ असं नाहीच, म्हणून सगळी ‘इतर’मध्ये गेली. महिन्याच्या अहवालात ‘इतर’चा खांब सगळ्यांत उंच दिसला, आणि वरून मेल आली की सपोर्टने यापुढे कारणं काळजीपूर्वक भरावीत.