आमची वाटचाल: टॅक्सीच्या इंजिनापासून जुन्या फियाटपर्यंत

लालबागचं आमचं गॅरेज बाबांनी टॅक्सीवाल्यांच्या जोरावर उभं केलं. तेव्हा मुंबईत टॅक्सी म्हणजे पद्मिनी, जिला सगळे फियाटच म्हणायचे, कुर्ल्यात बनलेली, १०८९ सीसीचं इंजिन, आणि गाडी दोन पाळ्यांत चालायची त्यामुळे इंजिन सारखं कामाला यायचं. रिंगा टाका, व्हॉल्व्ह घासा, बेअरिंग बदला आणि गाडी लवकरात लवकर स्टँडवर पाठवा, कारण गाडी उभी म्हणजे त्या घरातली चूल बंद. पुढे टॅक्स्या सीएनजीवर गेल्या, मग नवीन मॉडेलं आली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि २० वर्षं भरल्यावर २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून गेली, पण आमचं काम त्याच्या कितीतरी आधी आटलं होतं. आजूबाजूच्या गॅरेजवाल्यांनी नवीन गाड्यांचे स्कॅनर घेतले, काहींनी गाळे विकले. मी आणि दादाने ठरवलं, आपल्याला कार्बोरेटरची (हवा-पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा जुना भाग) गाडी कळते तर तीच करायची, हौसेने जुनी फियाट ठेवणारी माणसं मुंबईत आहेत, ती आपल्याकडे आली पाहिजेत.

ती आली एका ठराविक तक्रारीमुळे. इंजिन नुकतंच बांधलंय, सगळं नवीन टाकलंय, आणि गाडी आधीपेक्षा वाईट चालतेय.

गिरगावातल्या एका काकांची फियाट आठवते. इंजिन दुसरीकडे बांधलेलं. आयडलला, म्हणजे पाय न देता इंजिन चालू ठेवलं की, थरथरायची, पिकअप अजिबात नाही, पेडर रोडचा चढ आला की दुसरा गिअर, आणि तापायची. तोपर्यंत कार्बोरेटर बदलून झाला होता, कॉईल, प्लग, वायरी सगळं बदललेलं. टायमिंग लाईट (स्पार्क नेमका कधी पडतो ते दाखवणारा दिवा) लावली तर स्पार्क बरोबर खुणेवर, म्हणून जो तो परत कार्बोरेटरच खोलायचा.

आम्ही काही खोललं नाही, आधी मोजलं. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, घेतलं तर चारही सिलिंडर नव्वद पीएसआयच्या आसपास, कमी पण सगळे सारखे. रिंग किंवा व्हॉल्व्ह गळत असता तर एखादा तरी वेगळा पडला असता. मग व्हॅक्यूम गेज लावला, तो इंजिन हवा किती जोराने खेचतं ते दाखवतो. मुंबई समुद्रसपाटीला त्यामुळे उंचीचा हिशोब नाही, चांगलं इंजिन आयडलला १७ ते २१ इंच दाखवतं. इथे काटा १२ वर, आणि एकदम स्थिर. मॅनिफोल्डच्या (सिलिंडरकडे मिश्रण नेणारा पाईप) सांध्यांतून बाहेरची हवा खेचत असेल म्हणून सांध्यांवर तेलाचे थेंब सोडले, काही फरक नाही.

सगळं सारखं कमी म्हणजे चारही सिलिंडरला कॉमन असलेली गोष्ट चुकलीय, म्हणजे व्हॉल्व्ह उघडमीट करणारा कॅमशाफ्ट. पण टायमिंग कव्हर काढायला रेडिएटर उतरवावा लागतो, त्यामुळे आधी वरूनच खात्री केली. या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२, म्हणून एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनला अगदी वर आला की चार नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह जरा जरा उघडे पाहिजेत, एक मिटत असतो, दुसरा उघडत असतो. पिस्टन वर आलाय हे पुलीच्या खुणेवर न सोडता प्लगच्या भोकातून पाहिलं. धूर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अजून चांगलाच उघडा, हवा घेणारा इनटेक हललाही नव्हता. कॅम लेट. कव्हर काढलं, कॅम फिरवणारी चेन एक दात मागे.

डेल्को, म्हणजे प्रत्येक प्लगला स्पार्क वाटणारा डिस्ट्रिब्युटर, कॅमवरूनच फिरतो, म्हणजे स्पार्कही मागे गेला होता, पण कोणीतरी डेल्को फिरवून तो खुणेवर आणून ठेवलेला, त्यामुळे टायमिंग लाईट लावून बघताना सगळं ठीकच दिसायचं. काका त्या दिवशी गाडी घेऊन थेट वाळकेश्वर चढून आले आणि परत येऊन आम्हाला पेढे देऊन गेले.

त्यानंतर आम्ही तपासणीचे वेगळे पैसे घ्यायला लागलो. सुरुवातीला लोक नाराज व्हायचे, नुसतं बघायचे पैसे कसले? पण माझं मत पक्कं आहे, तपासणी फुकट ठेवली की मेकॅनिकला पार्ट बदलूनच कमवावं लागतं आणि मग नको ते पार्ट बदलले जातात. आता प्रत्येक गाडीला कॉम्प्रेशन, व्हॅक्यूम, टॅपेट गॅपचे (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट) आकडे लिहिलेला कागद देतो. आम्ही बांधलेली इंजिनं चारपाचशे किलोमीटरला परत बोलावतो, हेड पुन्हा टाईट करतो आणि मग टॅपेट परत सेट करतो, कारण हेड दाबलं गेलं की गॅप कमी होतो आणि व्हॉल्व्ह नीट बसत नाही. लोक हे टाळतात, कृपया टाळू नका.

हल्ली जास्त त्रास नवीन पार्टांचा. सीबी पॉईंटचा (डेल्कोतला स्पार्क पाडणारा स्विच) नवाकोरा कंडेन्सर गरम झाला की बंद पडतो, गाडी सकाळी छान आणि दादरला पोचेपर्यंत मिसिंग. त्यात आता २० टक्के एथेनॉलचं पेट्रोल. एथेनॉलमध्येच ऑक्सिजन असतो त्यामुळे जुन्या जेटवर (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं मोजून केलेलं भोक) मिक्श्चर पातळ पडतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, आणि जुने रबरी पाईप फुगतात. आम्ही पाईप बदलूनच देतो, आणि प्लगचा रंग बघून गरज असेल तर जेट एक नंबर वाढवतो.

म्हणून गाडी आणाल तेव्हा काढलेले जुने पार्ट पिशवीत घालून सोबत आणा. जुना कार्बोरेटर, जुना कंडेन्सर, जुने जेट, काहीही भंगारात देऊ नका. बऱ्याचदा त्यातलेच परत बसवतो आणि ते उत्तम चालतात.