निगेटिव्ह कंट्रोलमध्ये बँड आला तो दिवस

शेवटच्या वर्षाच्या मुलांचे रिसर्च प्रोजेक्ट मी बरीच वर्षं गाइड करतेय, पण त्या दिवसाइतकं मुलांबद्दल मला एका दुपारी कधीच कळलं नव्हतं.

प्रोजेक्ट साधाच होता. मातीतले बॅक्टेरिया वेगळे करायचे, त्यांचा १६एस जीन (बॅक्टेरियाची ओळख पटवायला वापरतात तो) पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या भरपूर प्रती काढायच्या पद्धतीने, वाढवायचा आणि सीक्वेन्सवरून ते कोण आहेत ते ओळखायचं. दोघी मिळून करत होत्या. काही सॅम्पल्सचे बँड (जेलवर डीएनएचा दिसणारा पट्टा) फारच फिके येत होते म्हणून त्यांनी पीसीआरच्या सायकल, म्हणजे प्रती काढायच्या फेऱ्या, ३० वरून ४० केल्या, आणि मग काय, जेलवरच्या सगळ्या लेनमध्ये (एका सॅम्पलची एक लेन) झकास बँड! फक्त शेवटच्या लेनमध्येही होता, आणि ती लेन निगेटिव्ह कंट्रोलची, तिथे डीएनए घातलेलाच नव्हता, म्हणजे ती रिकामीच दिसायला हवी होती.

रिपोर्ट जमा करायची तारीख तोंडावर आलेली. एकजण म्हणाली, फोटोतली शेवटची लेन कापून टाकू, कोणाला कळणारे? दुसरी काही बोललीच नाही, नुसती त्या लेनकडे बघत बसली आणि मग मला म्हणाली, "मॅडम, मग आमचे फिके सॅम्पल्स पण खोटे असू शकतात ना?"

हा प्रश्न विचारायला पीएचडी लागत नाही, नजर लागते.

मग प्रश्न विचारणारीने एकेक गोष्ट बदलून बघितली. नवीन पाणी, नवीन प्रायमर, नवीन बफर, तरी बँड तिथेच. उरलं टॅक, म्हणजे पीसीआरमध्ये डीएनएच्या प्रती बनवणारं एन्झाइम. बाजारात मिळणारं टॅक बहुतेक वेळा ई. कोलाय या बॅक्टेरियात बनवलेलं असतं, त्या ई. कोलायचा डीएनए अगदी थोडा त्यात राहू शकतो, आणि १६एस तर सगळ्याच बॅक्टेरियात असतो, त्यामुळे सायकल वाढवल्या की तोही वाढतो. ३० सायकलवर कंट्रोल स्वच्छ झाला, म्हणजे फिक्या सॅम्पल्सचे ४० सायकलवरचे बँडही खरे मानता येईनात. ते सगळे निकाल तिने स्वतःहून रिपोर्टमधून काढले आणि का काढले ते लिहिलं. लेन कापू म्हणणारी मैत्रीणच नंतर तो भाग लिहायला सोबत बसली होती, हे मला फार आवडलं.

त्या वेळी मी त्यांना सांगितलं की हे टॅक ज्या थर्मस अ‍ॅक्वाटिकसमधलं आहे तो जिवाणू १९६६ मध्ये यलोस्टोनच्या गरम झऱ्याच्या नमुन्यातून वेगळा केला तेव्हा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ थॉमस ब्रॉक यांच्यासोबत काम करणारा हडसन फ्रीझ पदवीचाच विद्यार्थी होता. पेपर १९६९ मध्ये आला, पीसीआर तर तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. फ्रीझ पुढे गेले ते साखरेच्या साखळ्यांशी संबंधित दुर्मिळ आनुवंशिक आजारांच्या संशोधनात, म्हणजे गरम झऱ्यापासून कुठच्या कुठे.

हे ऐकून तो प्रश्न विचारणारी मुलगी जरा चाचरत म्हणाली, "मला पीएचडी नाही करायची, डायग्नोस्टिक लॅबमध्ये जायचंय, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नव्हते." मला वाईट वाटलं ते याचं, की तिला असं वाटावं असं वातावरण आम्हीच तयार केलंय. आमच्याकडची मुलं औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये जातात, क्लिनिकल ट्रायलचा डेटा सांभाळतात, शाळेत शिकवतात, काही जेनेटिक काउन्सेलिंगला, काही पेटंटच्या कामात, आणि आम्ही स्टाफरूममध्ये मोजतो ते मात्र पीएचडीला किती गेले. हे मला साफ चुकीचं वाटतं. पेशंटच्या रिपोर्टवर चुकून पॉझिटिव्ह लिहिलं गेलं तर त्या माणसाचं काय होईल, तिथे अशीच मुलगी बसलेली हवी.

ती आता अशाच एका लॅबमध्ये आहे. पुढच्या बॅचला सुरुवातीलाच मी पीएचडीला न गेलेल्या जुन्या मुलांना बोलावणार आहे, त्यांचं रोजचं काम, शिफ्ट, पगार, कंटाळा, जे असेल ते त्यांनी मोकळेपणाने सांगावं.