शून्यावर टेकलेला काटा

मोजमापाच्या उपकरणांची अचूकता तपासणाऱ्या आमच्या कॅलिब्रेशन विभागाकडे तक्रार आली होती ती दाब दाखवणाऱ्या प्रेशर गेजची नव्हे, तर दाब मर्यादेला पोचताच उघडून तो बाहेर सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हची. कॉम्प्रेसरच्या हवेच्या टाकीवरील व्हॉल्व्ह 8 बार (बार हे दाबाचे एकक) दाबाला उघडणे अपेक्षित असताना तो साडेसहा बारलाच उघडतो, असे पाळीवरील चालकांचे म्हणणे होते आणि तो अधिक दाबाला उघडावा म्हणून त्याची स्प्रिंग आणखी आवळून द्यावी, अशी त्यांची लेखी मागणी होती. मी व्हॉल्व्ह उतरवून टेस्ट बेंचवर लावला, तेव्हा तो दर वेळी 8 बारच्या अगदी जवळ उघडत होता. मग साडेसहाचा आकडा दाखवणारे गेजच काढून आणायला सांगितले.

दिसायला त्या गेजमध्ये काहीही खोट नव्हती. 0 ते 10 बारची डायल, स्वच्छ काच आणि काटा नेमका शून्यावर. प्रमाणित वजनांच्या साहाय्याने तेलावर ठरावीक दाब आणणाऱ्या डेडवेट टेस्टरवर ते चढवून मी 1 बारचे वजन ठेवले. काटा हललाच नाही. दीड बारच्या आसपास तो जागचा सुटला. 4 बारला त्याने अडीच दाखवले आणि 8 बारला साधारण साडेसहा. चालक खोटे बोलत नव्हते आणि व्हॉल्व्हही बिघडलेला नव्हता.

अशा गेजचे हृदय म्हणजे चपट्या छेदाची, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकवलेली धातूची नळी. युजीन बूर्दों या फ्रेंच अभियंत्याने 1849 मध्ये तिचे पेटंट घेतले आणि तिचे तत्त्व आजही तेच आहे. फुंकर मारल्यावर कागदी पिपाणी उलगडावी, तशी ही नळी आत दाब आला की किंचित सरळ होऊ पाहते. तिच्या टोकाची ती अल्पशी हालचाल दुव्यामार्फत सेक्टर या पंख्याच्या आकाराच्या दातेरी तुकड्याला, सेक्टरकडून पिनियन या छोट्या दातेरी चाकाला आणि पिनियनच्या दांड्यावर दाबून बसवलेल्या काट्याला मिळते. दाब मर्यादेत असेपर्यंत नळी मूळ आकाराला परतते. धातूची स्थितिस्थापक मर्यादा ओलांडली गेली, तर मात्र ती थोडी उघडलेलीच राहते आणि दाब नसतानाही काटा शून्याच्या वर थांबतो. हा बिघाड निदान डोळ्यांना दिसतो.

आमच्या हाती आलेला प्रकार त्याहून घातक होता. देखभालीच्या नोंदी चाळल्यावर कळले, की त्या टाकीची 15 बारला हायड्रो टेस्ट, म्हणजे पाणी भरून दाब देण्याची चाचणी, झाली होती आणि त्या वेळी हे 10 बारचे गेज ना काढले होते, ना त्याच्या वाटेवरचा कॉक (छोटी झडप) बंद केला होता. पाण्याने पूर्ण भरलेल्या टाकीत दाब पंपाच्या मोजक्या ठोक्यांत चढतो. काटा डायलच्या शेवटच्या पिनवर आदळून अडला, पण नळी उघडतच राहिली, पिनियन फिरतच राहिले आणि काटा दांड्यावर घसरला. दाब उतरल्यावर खरे तर तो शून्याच्या बराच खाली जायला हवा होता; परंतु तिथे शून्याची पिन होती आणि तिने त्याला शून्यावरच रोखून धरले. मी काच काढून काटा हलकेच त्या पिनवरून उचलला, तसा तो सुमारे चाळीस अंश मागे जाऊन थांबला. बिघाड झाकणारी ही पिन मला कधीच आवडलेली नाही. अचूक मोजणीच्या अनेक टेस्ट गेजमध्ये ती नसते, ते योग्यच आहे.

काटा पुन्हा नीट बसवून गेज परत द्यावे, असे एका सहकाऱ्याने सुचवले. तसे करून पाहिले, तेव्हा चूक सगळ्या मोजपट्टीवर सारखी येत नव्हती, दाब चढताना आणि उतरताना वेगवेगळे आकडे मिळत होते आणि काटा दर वेळी शून्यावर परतत नव्हता. नळीलाच इजा झाली होती. ताणलेली नळी पुढे थकून तडकूही शकते, आणि साध्या बांधणीच्या गेजमध्ये ती फुटली की काच समोरच्या माणसाच्या अंगावर उडते. म्हणूनच धोकादायक ठिकाणी डायलमागे भक्कम भिंत आणि पाठीमागे दाबाने उघडणारे झाकण असलेली गेज वापरतात. हे गेज मी भंगारात काढले.

मागणीप्रमाणे स्प्रिंग आवळली असती, तर गेजवर 8 दिसताना टाकीत प्रत्यक्षात साडेनऊ बारच्या आसपास दाब असता, आणि टाकीचा डिझाइन दाब, म्हणजे ज्या कमाल दाबासाठी ती बनवली होती तो, 10 बार होता. शिवाय आत पाणी नव्हे, हवा होती. टाकी फुटली तर दाबलेल्या हवेत साठलेली ऊर्जा पाण्याच्या कितीतरी पट विध्वंस करते. मी मागणी कारणांसह लेखी नाकारली. टाकीवर 0 ते 16 बारचे गेज बसवले, म्हणजे नेहमीचा 7 बारचा दाब डायलच्या मध्याच्या जवळ राहील. हायड्रो टेस्टसाठी चाचणी दाबाच्या साधारण दुप्पट मोजपट्टीचे वेगळे गेज, दीडपटीपेक्षा कमी तर मुळीच नाही, असा नियम कार्यपद्धतीत लिहून घेतला. त्याच काळात चाचणी झालेल्या इतर टाक्यांवरील गेजही मागवली. त्यांपैकी आणखी एकाचा काटा पिनवर असाच टेकून बसलेला निघाला.