शेवंतीला अंधार लागतो

घटस्थापना

घटासाठी काळी माती लागते, ती यंदाही मागच्या वाफ्यातूनच काढली. आईंनी (म्हणजे सासूबाईंनी) ती परडीत पसरली, गहू, ज्वारी, हरभरा, करडई असं हाताला येईल ते धान्य पेरलं आणि मधोमध घट बसवला. आमचं देवघर जिन्याखाली. नंदादीप सोडला तर उजेड असा नाहीच. त्यामुळे घटाचे अंकुर दसऱ्यापर्यंत लांबलचक आणि पिवळेधमक होतात. उजेडाशिवाय पान हिरवं होत नाही, एवढंच त्यामागचं कारण. पण आईंना हिरवे अंकुर चालतच नाहीत. "सोन्यासारखे उगवायला हवेत गं."

बागेत मात्र सध्या डोळ्यांना सुख देणारं काही नाही. पावसाने कुंड्यांतली माती घट्ट बसली आहे, वर शेवाळ. नाशिकची काळी माती वाफ्यात उत्तम, कुंडीत वैताग. ओली असली की चिखल, वाळली की कडेने सुटते आणि घातलेलं पाणी त्या फटीतून थेट ताटलीत. म्हणून रिकाम्या कुंड्यांची सगळी माती काढून गच्चीवर उन्हात टाकली. चांगली तापली की त्यात शेणखत, थोडी वाळू, नारळाचा भुसा आणि मूठभर निंबोळी पेंड. इंटरनेटवर हल्ली प्रत्येक दुखण्यावर एप्सम सॉल्ट सांगतात. माझा शेणखतावर जास्त विश्वास आहे.

दसरा

तोरणाला झेंडू घरचा. कोपऱ्यावर "आपटा" म्हणून विकायला आलेल्या फांद्या निम्म्या तरी कांचनाच्या होत्या. दोघांची पानं जोडपानं, त्यामुळे खपून जातं. आपट्याचं पान लहान, जाडसर आणि रुंदीला जास्त. एवढं पाहिलं तरी ओळखू येतं. पण सणाच्या दिवशी विकणाऱ्याशी वाद घालायला मन धजत नाही.

आज लक्षात आलेली खरी गोष्ट वेगळीच. मागच्या अंगणातल्या शेवंतीला बारीक बारीक कळ्या दिसताहेत, हरभऱ्याएवढ्यासुद्धा नाहीत. पुढच्या फाटकाजवळच्या शेवंतीला मात्र नुसता पाला. रोपं एकाच आईची, झिपरी शेवंतीच्या एकाच बुंध्यातून फोडलेली. माती तीच, खत तेच. उलट पुढच्यांना ऊन जास्त. शेजारच्या काकू म्हणाल्या, "दृष्ट लागली असेल, रस्त्यावर आहेत ना." दृष्ट नाही, पण रस्ता हे त्यांचं म्हणणं बरोबर निघालं. पावसाळ्यात फाटकासमोरच्या खांबावर नवा पांढरा एलईडी दिवा बसला. आधीचा पिवळा मिणमिणता होता आणि अर्धा वेळ बंद असायचा. हा संध्याकाळपासून उजाडेपर्यंत कुंड्यांवर लख्ख.

कोजागिरी

पुढच्या शेवंत्या उचलून बाजूच्या बोळात नेल्या. तिथे सकाळचं ऊन येतं आणि रात्री डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही. एक कुंडी आईंनी हलवू दिली नाही. "दारात शेवंती हवीच. फूल आलं नाही तरी पानं आहेत की." बरं, राहू दे. तुलनेला होईल.

रात्री दूध आटवताना घरात हाच विषय. शेवंती दिवस मोजत नाही, रात्र मोजते. रात्र पुरेशी लांबली, तीही सलग, की कळी धरते. १९२० साली अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी हे तंबाखूवर दाखवून दिलं. उन्हाळ्यात फुलायचं नावच न घेणारी एक जात त्यांनी दुपारनंतर अंधाऱ्या खोपटात ठेवायला सुरुवात केली, आणि ती भर उन्हाळ्यात फुलली. तेव्हा त्यांना वाटलं, झाडाला दिवसाची लांबी कळते. पुढे १९३८ मध्ये हॅम्नर आणि बॉनर यांनी एका तणावर प्रयोग करून दाखवलं की हिशेब रात्रीचा आहे. मोठ्या रात्रीच्या मध्येच थोडा वेळ दिवा लावला तरी झाड ती रात्र धरत नाही. फुलशेतीवाले आता याचाच धंदा करतात. फुलं उशिरा हवी असतील तर पॉलिहाउसमध्ये रात्री दिवे लावतात, लवकर हवी असतील तर संध्याकाळीच काळं कापड ओढतात.

यांनी लगेच विचारलं, "मग आजच्या चंद्राचं काय? तो तर तुझ्या बोळातही येणार." चंद्राचा उजेड फार मंद, तेवढ्याने शेवंतीचं बिघडत नाही. नाहीतर दर पौर्णिमेला तिचा हिशेब चुकला असता.

गुलाबही आजच छाटले. बाहेरच्या बाजूच्या डोळ्याच्या थोडं वर तिरका काप, आणि कापावर हळदीचा लेप. चाळीस-पंचेचाळीस दिवसांत फूल येतं, म्हणजे दिवाळीला नाही मिळणार. निफाडकडे चुलत दिरांच्या द्राक्षबागेत याच दिवसांत फळछाटणी चालू असते. ते मला फोनवर म्हणाले, "तुमची छाटणी एका तासात होते वहिनी, आमची मजूर मिळेपर्यंत पंधरा दिवस अडते."

ऊन मात्र भाजतंय. पाऊस माघारी गेला, आभाळ निरभ्र, आणि दुपारी कुंडीच्या कडेला हात लावला तर चटका. पाणी दोन वेळा.

धनत्रयोदशी

नैवेद्याला धने-गूळ. उरलेले धने वाफ्यात. धना म्हणजे जोडफळ. तो तसाच पेरला तर उगवतो, पण रडत-रखडत. म्हणून फरशीवर पसरून जुन्या चपलेने हलके रगडले, दोन फाकी झाल्या, रात्रभर पाण्यात ठेवले. आई म्हणाल्या, नैवेद्याच्या धन्यांना चप्पल नको. त्यांच्या वाटणीचे त्यांनी लाटण्याने रगडले. वाफ्याचे दोन भाग केलेत, चप्पल आणि लाटणं. कोथिंबिरीला काय फरक पडतो ते आठ-दहा दिवसांत कळेल.

मेथी परवाच फेकली होती, ती उगवूनही आली. मेथीइतकं समाधान देणारं दुसरं पीक नाही. महिन्याभरात भाजी. लसणाच्या पाकळ्या टोकं वर करून बोटाच्या पेराइतक्या खोल टोचल्या. मुळा आणि गाजर जागेवरच पेरलं, कारण उपटून दुसरीकडे लावलं की गाजराला पाय फुटतात.

आकाशकंदिलावरून थोडी चर्चा झाली. तो दरवर्षी मागच्या पायरीवर लागतो, त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत, रात्रभर. आणि पायरीखालीच कळ्यांवर आलेल्या शेवंत्या. आता कळ्या धरल्यात तर एवढं बिघडणार नाही, पण जोखीम कशाला? कंदील पुढे टांगला, फाटकावर. तिथल्या कुंडीला खांबावरचा दिवा आहेच.

तुळशीचं लग्न

ऊस, चिंचा, आवळे, बोरं सगळं मिळालं. वृंदावन गेरूने रंगवलं. तुळस मात्र मंजिऱ्यांनी लगडलेली आणि पानं विरळ. मंजिरी वेळेवर खुडली नाही की तुळस म्हातारी होते, हे दरवर्षी आई सांगतात आणि दरवर्षी लग्नाआधी मंजिरीला हात लावू देत नाहीत. आज मंगलाष्टकं झाल्यावर त्यांनीच खुडायला घेतल्या. निम्म्या वाळवायला ठेवल्यात, बियांसाठी.

बोळातल्या शेवंत्यांना कळ्या आल्या! चप्पल आणि लाटण्याची कोथिंबीर सारखीच उगवली आहे. आईंनी निकाल बरोबरीत सोडवायला नकार दिला.

मागच्या कुंपणावरचा वालाचा वेलही फुलांवर आहे, जांभळ्या तुऱ्यांनी. हा वाल आमच्या मावससासूबाईंकडचा, कुठल्याही पाकिटातला नाही. जूनमध्ये लावा नाहीतर ऑगस्टमध्ये, थंडीच्या तोंडाशीच फुलतो, कारण तोही शेवंतीसारखा लांब रात्रीचा गडी. बेंगळुरूच्या फलोद्यान संस्थेने काढलेली अर्का जय ही बुटकी जात रात्रीची वाट पाहत नाही, केव्हाही पेरा, शेंग येते. सोयीची आहे. पण वर्षभर वाल मिळाला तर कार्तिकात त्याची वाट कोण पाहणार?

चंपाषष्ठी

चातुर्मासात बंद असलेलं वांगं आज पानात आलं. भरीत आणि रोडगे, खंडोबाचा नैवेद्य. वांगी बागेतली, चुलत दिरांनी दिलेल्या रोपांची, त्यामुळे त्यांनाही भरीत पोचवलं.

सकाळी वालावर मावा दिसला. शेंड्यांवर काळा थर, पानं चिकट, आणि खोडावरून मुंग्यांची रांग. माव्याने टाकलेला गोड चिकटा मुंग्यांना हवा असतो, म्हणून त्या त्याची राखण करतात. ढालकिडे माव्यावर ताव मारायला येतात, तर मुंग्या त्यांना हुसकावतात. त्यामुळे आधी मुंग्यांची वाट बंद केली. वेल दोऱ्याने चढवला आहे, त्या दोऱ्यावर आणि बुंध्याभोवती चिकटपट्टी उलटी गुंडाळली. शेंडे पाण्याच्या झोताने धुतले. संध्याकाळी निंबोळी अर्क. ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, चिमूटभर साबण घालून. उन्हात फवारला तर त्यातला गुण लवकर जातो, म्हणून फवारणी दिवस मावळल्यावरच. पाणी मात्र आता उलट, फक्त सकाळी. थंडीत रात्रभर ओली राहिलेली कुंडी मुळांना सोसत नाही.

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार

बोळ पिवळा झालाय. उंबऱ्यावरून पाहिलं तरी शेवंतीचा तो कडवट वास येतो. बाजारात गुरुवारची फुलं महाग, आणि आमच्याकडे घटाला, लक्ष्मीला, शेजारच्या काकूंना देऊनही उरली. मागच्या शेवंत्या तर फुलून आता उतरणीला लागल्या.

फाटकातली कुंडी अजून हिरवीगार. पण पूर्ण नाही! फाटकाच्या दगडी खांबाची सावली ज्या बाजूला पडते, तिथल्या दोन फांद्यांना कळ्या आहेत. एकाच झाडाची एक बाजू फुलायला निघाली आहे आणि दुसरीला अजून पावसाळा वाटतोय. मी सगळ्यांना बोलावून दाखवलं. मुलाने फोटो काढला, यांनी खांबाकडे आणि दिव्याकडे आळीपाळीने पाहिलं. आई म्हणाल्या, "मग दुसऱ्या बाजूला पण काहीतरी आडोसा कर ना." कुंडी मात्र तिथून हलणार नाही. जुना पत्रा आहे गच्चीवर, तो रात्रीपुरता लावू.

थंडी खरी उतरली आहे. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचं तापमान रोज बातम्यांत. चुलत दीर रात्री बागेत शेकोट्या पेटवून बसतात, कारण अशा गारठ्यात द्राक्षाचे मणी तडकतात. आमच्या जास्वंदीची पानं पिवळी पडली, तिला काही करायचं नाही. मोगऱ्याचं पाणी तोडलं. आता तो झोपेल, मग पानं काढून छाटायचा, म्हणजे फाल्गुनात कळ्या. हरभऱ्याचे शेंडे खुडून पालेभाजी केली. हाताला आंब लागते, जखम असली तर चुणचुणतं.

वालाच्या शेंगा मी तोडायला निघाले तर आईंनी टोपलीच काढून घेतली. भोगीच्या भाजीला घरचाच वाल, घरचंच गाजर, घरचीच वांगी. तोपर्यंत एकही शेंग तोडायची नाही. मी म्हटलं, जून होतील. "जून झाल्या तर दाणे सोलू," म्हणाल्या, "पण नणंदा येणार आहेत, त्यांना घरचंच वाढायचं."