रातांबे आणि जिन

मे, दुसरा आठवडा. उकाडा.

बाजारात रातांबे, म्हणजे कोकमाची ताजी फळं, आलेत. वळवाच्या दोन मोठ्या सरी पडल्या की फळ पाणचट होतं आणि त्याचा साखरेतला पाक नासायला लागतो, त्यामुळे जे करायचं ते आत्ताच. या दिवसांत जिनमध्ये घालायला याहून चांगलं फळ किनारपट्टीवर नाही, हे माझं ठाम मत. हापूस मोह घालतो खरा, पण त्याचा दाट रस जिनचा जुनिपरचा वास (ज्या फळामुळे जिन जिन वाटते) पार दाबून टाकतो. हापूस हातात धरून खावा.

घरी फळांचं कॉकटेल करताना बहुतेक जण लिंबाचं माप धरून चालतात: ६० मिली जिन, ३० लिंबाचा रस, ३० पाक. कोकमाला हे माप चालत नाही. त्याच्या सालीत मुख्यतः हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल असतं. लिंबाचा आंबटपणा लगेच लागतो आणि ओसरतो. कोकमाचा हळू चढतो आणि तुरटपणासकट मागे रेंगाळतो. त्यावर ३० मिली लिंबू ओतलं की दुसऱ्या घोटाला दात आंबतात, मग साखर वाढते आणि शेवटी ग्लासात नुसतं सरबत उरतं. इथे लिंबू फक्त वासापुरतं, १० मिली.

पाक. अर्धा किलो रातांबे, टणक आणि गडद लाल. हिरवट-पिवळी झाक असलेली बाजूला काढायची, त्यांना रंग नसतो. धुऊन फडक्याने अगदी कोरडी पुसायची. पाण्याचा अंश राहिला की बरणीत फेस येतो आणि आंबूस वास सुटतो. अर्धी कापून बिया आणि पांढरा गर काढायचा. गर पाकात गेला तर पेय गढूळ होतं आणि बिया चुरडल्या तर कडसर. साल पाव किलोच्या आसपास निघते. तेवढीच साखर घेऊन काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत एक थर सालीचा, एक साखरेचा. अ‍ॅल्युमिनियम किंवा पितळेचं भांडं नको, आम्ल धातूला लागतं. वर्षभराच्या अमृत कोकमला, म्हणजे सरबताच्या गोड पाकाला, साखर दुप्पट घालून बरणी उन्हात ठेवतात. तेवढा गोडवा इथे नको, ऊनही नको. एक रात्र ओट्यावर, मग फ्रिजमध्ये, मधून दोनदा हलवायचं. चोवीस तासांत साखर सालीतलं पाणी ओढून घेते आणि तळाशी जांभळट लाल रस जमतो. बरणी तिरकी केली की तो काचेवर डाग सोडत उतरतो, इतका रंग. गाळताना साल पिळायची नाही. पिळली की चार चमचे जास्त मिळतात आणि सगळा पाक धुरकट होतो. अंदाजे २५० मिली निघतो, म्हणजे आठ ग्लास. फ्रिजमध्ये दोन आठवडे टिकतो.

गॅसवर का नाही? कोकमाचा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा. उकळलं की तो तपकिरीकडे झुकतो आणि ताज्या फळाचा वासही उडतो. हाच रंग आम्लात लाल राहतो आणि आम्ल कमी झालं की निळसर-राखाडी होतो. जड बोअरचं पाणी घातलेलं कोकम सरबत मळकट दिसतं ते त्यामुळे.

बाटलीतलं अमृत कोकम वापरायचं तर २० मिली पुरे, आणि त्यात जिरं-मीठ आहे का ते आधी चाखून बघायचं. जिरं जिनशी भांडतं. आगळ, म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रस, खारट असतं, ते पाकाच्या जागी चालत नाही; मिठाच्या चिमटीऐवजी त्याचे चार थेंब मात्र उत्तम. परदेशात ताजी फळं मिळणं अवघड, तिथे भारतीय दुकानातली आमसुलं: आठ-दहा पाण्याखाली धरून मीठ काढून टाकायचं, १०० मिली गरम पाण्यात दोन तास ठेवायची, गाळून १०० ग्रॅम साखर विरघळवायची. रंग फिका येतो, चव बरी येते.

जिन साधी, ड्राय. फळांचा स्वाद घातलेली गुलाबी जिन नको, तिचा अत्तरासारखा वास कोकमावर चढून बसतो. गोव्यात तयार होणाऱ्यांपैकी २०१७ साली आलेली ग्रेटर दॅन जुनिपरकडे झुकते, म्हणून इथे छान बसते. स्ट्रेंजर अँड सन्समध्ये लिंबूवर्गीय साली आणि मिरी आहे. ती घेतली तर लिंबू ५ मिलीवर आणावं.

आता ग्लास. ३०० मिलीचा उंच ग्लास वीस मिनिटं फ्रीझरमध्ये. शेकरमध्ये ६० मिली जिन, ३० मिली पाक, १० मिली ताजा लिंबाचा रस, दोन बोटांची चिमूट मीठ. मापाला खोकल्याच्या औषधाचं टोपण अगदी योग्य, त्यावर ५ आणि १० च्या रेघा असतात. शेकर नसेल तर घट्ट झाकणाची स्टीलची बाटली. बर्फाचे सहा-सात मोठे तुकडे, बारा सेकंद जोरात. नव्या बर्फावर गाळायचं, वरून ९० मिली गार सोडा ग्लासच्या कडेने, आणि लांब चमच्याने तळातून एकदाच वर उचलायचं. सोडा शेकरमध्ये कधीही घालू नये. झाकण उडतं आणि भिंत लाल होते.

सगळ्यात जास्त ग्लास बिघडतात ते बर्फापायी. ट्रेमधला पातळ, बाहेर काढून पाणी सुटलेला बर्फ हलवता हलवता पेय पाणचट करतो. छोट्या वाट्यांत पाणी भरून गोठवावं, आणि तेही झाकून. फ्रीझरमध्ये सुकट किंवा आलं-लसणाची पेस्ट असेल तर बर्फ तो वास ओढून घेतो आणि पहिल्याच घोटाला कळतं. सोडाही आदल्या रात्रीपासून फ्रिजमध्ये हवा. कोमट सोडा बर्फावर पडताच सगळा वायू सोडून देतो.

टॉनिक वॉटर इथे नाही जमत. क्विनाइनचा कडवटपणा आणि कोकमाचा तुरटपणा मिळून घसा कोरडा पडतो. घालायचंच तर पाक २० मिलीवर आणायचा, कारण टॉनिकमध्ये साखर असतेच.

गोव्यात उन्हाळ्यात उर्राकमध्ये, म्हणजे काजूच्या बोंडांच्या हलक्या दारूत, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालतात. इथेही ती शोभते, पण ग्लासात, आणि बिया काढून. शेकरमध्ये घातली तर अल्कोहोल तिखटपणा भराभर ओढतं आणि मग फळ लागतच नाही. दहा मिनिटांनी मिरची बाहेर.

या ग्लासात एक लार्ज पेग आहे, हे चवीवरून कळत नाही. दुसरा करायचा तर जिन ४५ मिली, सोडा १२० आणि मध्ये एक तांब्या पाणी. न पिणाऱ्यांसाठी तोच पाक ४० मिली, लिंबू, मीठ आणि सोडा; पाहुण्यांत दोन्ही प्रकारची माणसं असली तरी बरणी एकच पुरते.

जांभळं आली की पाकाच्या जागी ४० मिली गर, पण लिंबू २० मिलीपर्यंत वाढवावं लागेल, कारण जांभळात तुरटपणा भरपूर आणि आंबटपणा कमी.

गाळून उरलेल्या सालीत अजून बराच आंबटपणा असतो आणि वर साखर मुरलेली असते. दोन दिवस उन्हात वाळवून डब्यात भरायची. चिंचगुळाऐवजी आमटीत चार-पाच साली टाकल्या की वेगळा गूळ लागत नाही. बियांवरचा गर हाताने चोळून, मीठ लावून ठेवला की त्याचंच थोडं आगळ होतं. पुढच्या ग्लासातले चार थेंब तिथूनच घ्यायचे.