एका गुंठ्याचा बांध

मधपेट्या भाड्याने देणं हा माझा धंदा. जानेवारीत कांदा बियाण्याचे प्लॉट फुलायला लागले की येवला, चांदवडकडून फोन सुरू होतात. वावर पांढऱ्या गोंड्यांनी भरलेलं, पण माशी नाही. कांद्याच्या फुलात पराग आधी सुटतो आणि स्त्रीकेसर मागाहून तयार होतो, त्यामुळे एका फुलाचा पराग दुसऱ्यावर कुणीतरी नेऊन टाकावाच लागतो. माशी नसली की लोक गुळाचं पाणी फवारतात, नाहीतर गोंड्यांवरून हात फिरवत फिरतात.

2021 च्या फेब्रुवारीत येवल्याजवळ दोन एकरांच्या एका प्लॉटवर मी आठ पेट्या ठेवल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी तात्यांचा, म्हणजे मालकांचा, फोन आला, "पेटीवाले, असाल तसे या." जाऊन बघतो तर पेट्यांच्या दारात मेलेल्या माश्यांचा थर, सोंडा बाहेर आलेल्या. शेजारच्या कांद्यावर फुलकिड्यांसाठी औषध मारलं होतं आणि तेही सकाळी नऊला, ऐन माशी बाहेर पडायच्या वेळी. शेजारी म्हणजे तात्यांचा चुलतभाऊच. दोघांचं बोलणं बंद. कारण बांध, दुसरं काय असणार?

आजोबांच्या काळी त्या बांधावरून बैलगाडी जायची म्हणे. पुढे दरवर्षी दोन्हीकडून नांगराचं एकेक तास, म्हणजे नांगराने पडलेली ओळ, आत सरकत गेलं. बोरी, निरगुडी जेसीबीने उपटल्या. आता बांधावरून चालावं तर एक पाय कुणाच्या तरी पिकात पडतो.

मी तावातावाने नुकसानभरपाईचं बोलत होतो, तेवढ्यात तात्यांच्या आईने मला पलीकडच्या कोपऱ्यात नेलं. तिथे ओघळीमुळे जेसीबी पोचला नव्हता, म्हणून वीसेक पावलं बोराटी शिल्लक होती. एका फांदीवर फुलोरी माशीचं, म्हणजे लहानशा रानटी मधमाशीचं, तळहाताएवढं पोळं लटकलेलं. खाली ओघळीच्या कोरड्या काठात बारीक बिळं, त्यांतून एकट्या राहणाऱ्या मातीतल्या माश्या ये-जा करत होत्या. शेजारचे गोंडे नुसते घुमत होते. आधी उमललेल्या फुलांत मी बोटांनी चाचपून पाहिलं, तर बी धरलेलं. मधल्या भागातले गोंडे मात्र पोकळ.

"ह्या माशीला भाडं कोण देतं?" आजींनी विचारलं. आता पेट्यांचा धंदा करणाऱ्याने याला काय उत्तर द्यायचं!

संध्याकाळी दोघा भावांना ओट्यावर बसवलं. चुलतभावाचं म्हणणं सरळ होतं: झाडाची सावली पडते, मुळ्या खत खातात, पाखरं बसतात. सावलीचं त्याचं खोटंही नव्हतं. म्हणून मी झाडांचा विषय सोडला आणि हिशेब मांडला. बांध भरला 363 फूट. तीन फूट सोडले तर 1089 चौरस फूट, म्हणजे बरोबर एक गुंठा. दोघांनी एकेक गुंठा सोडायचा, एकराचा चाळिसावा हिस्सा. एक गुंठा ऐकल्यावर दोघेही गप्प झाले. कोरून कोरून दोघांनी मिळवलं होतं ते एवढंच.

ठरलं ते असं: बांधावर नांगर नाही, तणनाशक नाही, औषध सूर्य मावळल्यावर. बोरी-निरगुडी कमरेएवढ्या ठेवायच्या आणि करंज फक्त कोपऱ्यात. तात्यांना मोहरीही लावायची होती, ती मी मोडून काढली. कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त असतं, माशी तशीही त्यावर नाखूष. शेजारी मोहरी फुलली तर ती तिकडेच रमणार. ऐन फुलोऱ्यात कांद्याला सवत नको. बोर पावसाळा सरताना फुलते, करंज उन्हाळ्यात, म्हणजे पोळ्यांना कांद्याच्या आधी आणि नंतर खायला मिळतं.

रोपं फारशी लावावी लागलीच नाहीत. जेसीबीने मुळं पुरती निघाली नव्हती, पहिल्याच पावसाळ्यात बोराटी फुटली. माझ्या मेलेल्या माश्यांचे पैसे मात्र आजतागायत मिळालेले नाहीत.

आता तात्या आठऐवजी चारच पेट्या मागवतात. यंदा पेट्या ठेवायला गेलो तेव्हा बांधावर फुलोरीची तीन पोळी मोजली. पलीकडच्या बाजूने मात्र नांगराचं एक तास सहा इंच आत आलंय. तात्यांना मी अजून सांगितलेलं नाही.